घरचे गाणे आणि स्वतःचे गाणे
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'एलायझा कार्थी' एवढेच नाव सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग अदबीने म्हणाले, "सर, या कोण?" मी म्हणालो, "इंग्लंडातली एक गायिका. फिडल वाजवते, जुनी लोकगीते गाते आणि स्वतः नवी गाणीही बांधते." ते म्हणाले, "पण आपल्या गावात त्यांना कोण ओळखतो?" मी म्हटले, "बहुधा कोणीच ओळखत नसेल. पण तिच्यापुढे जो पेच पडला, तो आपल्या गावातल्या निदान पन्नास घरांत पडलेला आहे. तेव्हा लोक कंटाळणार नाहीत." त्यांनी पत्रिकेवर विषय छापला. आता माझा शब्द खरा करण्याची जबाबदारी माझ्यावर आहे.

पेच अगदी साधा आहे. बापाची पेढी मुलाकडे आली. मुलाने ती कशी चालवावी? होती तशीच चालविली तर गिऱ्हाईक हळूहळू तुटते. बदलली तर लोक म्हणतात, बापाचे नाव घालविले. वैद्याच्या घरी, कीर्तनकाराच्या घरी, सोनाराच्या घरी हा प्रश्न येतोच. गाणाऱ्याच्या घरी तो अधिक टोकदार होतो. कारण पेढीवरचा माल दिसतो आणि मोजता येतो. गळ्यातून गळ्यात जे येते ते किती बापाचे आणि किती आपले, हे मोजायचे कसे? आज मी एका घराची हकीगत सांगून या प्रश्नाला हात घालणार आहे.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हल नावाचे बंदर आहे. एके काळी तेथून मासेमारीची मोठी जहाजे उत्तरेच्या थंड समुद्रात जात. या गावात वॉटरसन नावाची तीन भावंडे होती. थोरली नॉर्मा 1939 ची, मधला माईक 1941 चा आणि धाकटी लाल 1943 ची. 'लाल' हे नाव ऐकून आपल्याला ती कोणी आपल्याकडचीच वाटेल. पण ते 'इलेन' या नावाचे घरगुती रूप. मुले लहान असतानाच आईबाप गेले आणि आजीने त्यांना वाढविले. तरुणपणी या भावंडांनी आणि त्यांच्या नात्यातल्या एका भावाने मिळून गाण्याचा मेळ जमविला. गावातल्या एका पबात, म्हणजे जेथे लोक संध्याकाळी पेला घेऊन गप्पा मारीत बसतात अशा जागी, त्यांनी लोकगीतांचा अड्डा सुरू केला.

त्यांच्या गाण्याचा विशेष असा की साथीला वाद्य नाही. चार माणसे उभी राहत आणि नुसत्या गळ्याने गात. पण आपल्या भजनी मंडळासारखी सगळ्यांची चाल एकच नसे. एकाचा सूर खाली, दुसऱ्याचा वर, तिसऱ्याचा मधूनच तिरपा निघालेला. आणि तरी चौघांचे मिळून एकच गाणे. 1965 साली त्यांची 'फ्रॉस्ट अँड फायर' ही ध्वनिमुद्रिका निघाली. त्यात वर्षाच्या ऋतुचक्राची, सणावारांची आणि विधींची जुनी इंग्रजी गाणी आहेत. आपल्याकडे भोंडल्याची गाणी वेगळी, शिमग्याची वेगळी, तसाच प्रकार. इंग्लंडसारख्या यंत्रांच्या देशातही शेतकऱ्याचे वर्ष गाण्यांनी बांधलेले होते, हे ती ऐकली म्हणजे कळते.

आता या घराची दुसरी बाजू पाहू. मार्टिन कार्थी हा 1941 सालचा, लंडनमध्ये वाढलेला. गिटार घेऊन जुनी इंग्रजी गाणी गाणारा हा तरुण 1960 च्या सुमारास लंडनच्या लोकगीतांच्या अड्ड्यांत सर्वांना माहीत झाला होता. 1962 च्या हिवाळ्यात बॉब डिलन नावाचा एक अमेरिकन पोरगा लंडनला आला. त्याने मार्टिनकडून गाणी ऐकली, त्यांच्या चाली मनात घोळविल्या, त्यांवर आपले शब्द चढविले. पुढे त्याच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरील मजकुरात मार्टिनचे नाव आले. 1972 साली मार्टिनने नॉर्माशी लग्न केले आणि तोही वॉटरसनांच्या मेळात गाऊ लागला. पुढे ही सारी मंडळी यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर, रॉबिन हुड्स बे या गावाजवळच्या एका शेतवाडीवर राहावयास गेली. नॉर्माचे, माईकचे आणि लालचे अशी तीन बिऱ्हाडे एकाच आवारात नांदू लागली. आपल्या भाषेत सांगायचे तर एकत्र कुटुंबच.

मार्टिन आणि नॉर्मा यांना 1975 साली मुलगी झाली. तीच एलायझा.

श्रोतेहो, अशा घरात जन्मणे हे भाग्य की ओझे? आपण चटकन म्हणू, भाग्य. ते आहेच. मुलाला गाणे शिकवावे लागत नाही, ते कानावरून जाता जाता मुरते. तेराव्या वर्षी एलायझा आई, मावशी आणि मावसबहीण यांच्याबरोबर मेळात उभी राहिली. त्या मेळाचे नावच 'वॉटरडॉटर्स'. आणि मघाशी सांगितलेल्या त्या गाण्याच्या पद्धतीमुळे तिला एक मोठी गोष्ट आयती मिळाली. चार जण चार सुरांत गातात तेव्हा प्रत्येकाला दुसऱ्याचे ऐकत ऐकतच गावे लागते. शेजारच्याचा आवाज ऐकला नाही, तर आपला सूर कोठे ठेवावा हेच कळत नाही. मात्र शेजारच्याच्या सुरात सूर मिसळून टाकला, तर मेळातले आपले काम संपले. ऐकायचे सर्वांचे आणि गायचे आपले, हा त्या घरातला पहिला धडा होता. तो कोणी फळ्यावर लिहून दिलेला नव्हता.

पण ओझेही होते. ते समजण्यासाठी या घरातल्या दोन जुन्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट बापाची. 'स्कारबरो फेअर' हे गाणे तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकलेले असेल. ते सर्व जगाला ठाऊक झाले सायमन आणि गारफंकेल या अमेरिकन जोडीमुळे. पण ते त्या दोघांकडे आले कसे? उत्तर इंग्लंडात टीसडेल नावाचे खोरे आहे. तेथल्या शिशाच्या खाणीत काम केलेल्या एका वृद्धाकडून इवन मॅकॉल या गायकाने ते घेतले आणि पुढे पुस्तकात छापले. तेथून ते मार्टिनने उचलले आणि त्याला गिटारची एक फार नाजूक साथ बांधली. 1965 साली पॉल सायमन लंडनमध्ये होता. त्याने ते मार्टिनकडून ऐकले. 1966 साली त्या जोडीची ध्वनिमुद्रिका आली आणि गाणे जगभर गेले. पण त्यावर मार्टिनचे नाव नव्हते. मार्टिनच्या मनात ही सल पुष्कळ वर्षे राहिली. अखेर 2000 साली लंडनच्या हॅमरस्मिथ येथील कार्यक्रमात सायमनने मार्टिनला व्यासपीठावर बोलाविले, दोघांनी मिळून तेच गाणे गायिले आणि जुने भांडण मिटले.

यात चूक कोणाची, याचा निवाडा करण्याचा माझा इरादा नाही. मला लक्ष वेधायचे आहे ते एका अडचणीकडे. गाणे मार्टिनचे होते काय? नव्हते. मॅकॉलचेही नव्हते आणि खाणकामगाराचेही नव्हते. त्याच्या आधी किती जणांनी ते गायिले असेल याची गणती नाही. मग मार्टिनचे गेले ते काय? गेली ती त्याची घडण. माती सर्वांची, पण मडके घडविणाऱ्या कुंभाराचे बोट त्या मडक्यावर उमटलेले असते. लोकगीत कोणाचेच नसते, हे खरे. पण ते गाणाऱ्याचे त्यात काहीच नसते, हे मात्र खोटे. या घरातल्या मुलीला हे दुहेरी सत्य लहानपणापासून माहीत असणार.

दुसरी गोष्ट मावशीची. ती मला अधिक जिव्हाळ्याची वाटते. लाल ही जुनी गाणी गातच होती, पण ती स्वतः कविताही करी आणि चाली बांधी. 1972 साली लाल आणि माईक या बहीणभावांनी 'ब्राइट फीबस' नावाची ध्वनिमुद्रिका काढली. त्यात गाणी जुनी नव्हती. या दोघांनी रचलेली होती. साथीला मार्टिन होता, रिचर्ड टॉमसन होता, त्या काळचे नामवंत वादक होते. आणि झाले काय? वॉटरसनांकडून जुनी, वाद्यांवाचूनची गाणी ऐकण्याची सवय झालेल्या रसिकांपैकी पुष्कळांना हे रुचले नाही. त्यात दैवही आडवे आले. पुष्कळ तबकड्यांचे मधले भोक चुकीच्या जागी पडले होते, त्यामुळे त्या धड वाजतच नसत. ती ध्वनिमुद्रिका विस्मृतीत गेली. काही थोडे जाणकार तिच्या प्रती जपून ठेवीत. 1998 साली लाल वारली. 2017 साली ती ध्वनिमुद्रिका पुन्हा नीट निघाली आणि लोक म्हणू लागले की अरे, ही तर एक मोठी कृती होती! लाल ते ऐकावयास उरली नव्हती.

बघा, ज्या लोकांनी या घराला डोक्यावर घेतले त्यांनीच त्या घरातल्या बाईने आपले बोलणे बोलू म्हटल्यावर पाठ फिरविली. त्यांचे म्हणणे असे होते की, तुमच्याकडून आम्हाला आमच्या पणजोबांचे गाणे हवे आहे. तुमचे कोणी मागितले? रसिक हा असा प्रेमाने गळा आवळणारा प्राणी आहे. तुम्ही आम्हीही त्यातलेच. गायकाच्या मुलाची मैफल ऐकून बाहेर पडताना आपण काय म्हणतो? "अगदी वडिलांसारखे गातो हो!" ही आपली शाबासकी. तीत त्या पोराला केवढी मोठी शिक्षा आहे, हे आपल्या ध्यानीही येत नाही.

आता एलायझाकडे येऊ. वयाच्या विशीत तिने जे केले त्याचा क्रम मोठा उद्बोधक आहे. 1993 साली नॅन्सी कर या आपल्यासारख्याच फिडलवादक मैत्रिणीबरोबर तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. नॅन्सीही गाणाऱ्या आईची मुलगी. 1996 साली एकटीची पहिली ध्वनिमुद्रिका आली. त्याच साली आई नॉर्माची स्वतःची ध्वनिमुद्रिका मर्क्युरी पारितोषिकाच्या अंतिम यादीत गेली. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या वर्षाच्या उत्तम ध्वनिमुद्रिकेला हे पारितोषिक मिळते, आणि त्या यादीत बहुतेक भरणा तरुण वाद्यवृंदांचा असतो. सत्तावन्न वर्षांची बाई त्या यादीत!

1998 साली, वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी, एलायझाने 'रेड राइस' काढली. हिच्या दोन तबकड्या. एकीचे नाव 'रेड', दुसरीचे 'राइस'. 'राइस'मध्ये जुना साज : फिडल, गळा आणि जुन्या वळणाची साथ. 'रेड'मध्ये ढोलताशे म्हणावे असा आजचा ठेका, बास गिटार, नाचघरातल्या संगीताचा बाज. घरचे आणि बाहेरचे अशी दोन ताटे तिने शेजारी शेजारी मांडली आणि म्हणाली, दोन्ही माझी. तीही मर्क्युरीच्या अंतिम यादीत गेली. केस भडक रंगविलेली ही पोरगी फिडल घेऊन उभी राही, तेव्हा लोकगीत हे दाढीवाल्या वृद्धांचे काम आहे या समजुतीला चांगलाच धक्का बसे.

मग तिने तिसरे पाऊल टाकले, आणि ते सर्वांत अवघड. 2000 साली तिने 'एंजल्स अँड सिगरेट्स' ही ध्वनिमुद्रिका एका बड्या कंपनीसाठी केली. त्यात जवळजवळ सर्व गाणी तिची स्वतःची. आज ज्याला फोक-पॉप म्हणतात तो हा प्रकार : लोकगीताच्या मातीत रुजलेली, पण शहरातल्या तरुण मुलीच्या सुखदुःखाची, नव्या बाजाची गाणी. मावशीने 1972 साली जे केले तेच भाचीने अठ्ठावीस वर्षांनी आपल्या परीने केले. बड्या कंपनीला मात्र हवे तेवढे यश मिळाले नाही आणि तो संबंध लवकरच संपला.

येथे दोन वाटा होत्या. एक, रुसून बसणे. दुसरी, कान धरून घरी परत येणे आणि जन्मभर वाडवडिलांची गाणी राखीत बसणे. तिने तिसरीच वाट काढली. 2002 साली 'अँग्लिकाना' आली. ती टॉपिक या संस्थेने काढली. टॉपिक ही संस्था 1939 पासून चालत आलेली, इंग्लंडच्या कामगार चळवळीतून निघालेली आणि लोकगीतांना वाहिलेली. 'अँग्लिकाना'त जुनी इंग्रजी गाणी आहेत. पण स्वतःची गाणी बांधून आलेली बाई जेव्हा जुने गाणे उचलते, तेव्हा ते 'जपते' असे वाटत नाही. ते 'सांगते' असे वाटते. तीही मर्क्युरीच्या यादीत गेली आणि 2003 सालच्या बीबीसीच्या लोकसंगीत पुरस्कारांत तिला वर्षातील उत्तम गायिकेचा मान मिळाला. पुढे 2008 साली तिने पुन्हा स्वतःच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका केली. म्हणजे ती एका बाजूची झालीच नाही. घर आणि रस्ता यांच्यामध्ये ती येत-जात राहिली.

मला या सर्व प्रकारात विरजणाची आठवण होते. काही लोकांना परंपरा ही लोणच्यासारखी वाटते. बरणीत घाला, तोंडाला फडके बांधा, हात लावू नका, वर्षानुवर्षे टिकेल. पण गाणे हे दह्यासारखे आहे. कालच्या दह्यातले चमचाभर ठेवायचे आणि आजच्या दुधात घालायचे. विरजण कालचे हवे. ते नसेल तर दूध नासेल, दही होणार नाही. पण दूध मात्र आजचेच हवे. नुसतेच विरजण जपून ठेवले, तर चार दिवसांत ते आंबून फेकून द्यावे लागते. आमचे जुने जाणते सांगतात, विरजण जपा. आमचे तरुण सांगतात, आमच्याकडे दूध आहे. दोघांचेही म्हणणे निम्मे बरोबर आहे.

कोणी म्हणेल, "सर, हे सर्व ठीक आहे, पण त्यामुळे मूळ गाणे भ्रष्ट होते, त्याचे काय?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लोकगीताला भडक वाद्ये लावून, त्यातला अर्थ काढून टाकून, लग्नाच्या वरातीत वाजविलेले आपण ऐकतोच. पण भ्रष्ट कशाने होते ते नीट पाहिले पाहिजे. नव्या वाद्याने गाणे भ्रष्ट होत नाही; न ऐकता गायिल्याने होते. 2007 साली इंग्लंडात 'द इमॅजिन्ड व्हिलेज' या नावाचा एक प्रयोग झाला. त्यात मार्टिन आणि एलायझा हे बापलेक होते, सीमा मुखर्जी यांची सतार होती, जॉनी कलसी यांचा ढोल होता. 'टॅम लिन' ही स्कॉटलंडमधली एक फार जुनी कथा-गीते गाणाऱ्यांची कथा. कवी बेंजामिन झेफनाया याने ती नव्या शब्दांत, आश्रयाला आलेल्या परदेशी माणसाची कथा म्हणून सांगितली, आणि एलायझाने त्यात आपला आवाज दिला. जुन्या कथेत परीच्या राणीच्या तावडीत सापडलेल्या पुरुषाचे रूप क्षणोक्षणी पालटते, आणि त्याची प्रिया त्याला घट्ट धरून ठेवते. त्या माणसाला घट्ट धरून ठेवणे हा कथेचा गाभा. तो गाभा नव्यातही सुटला नाही. अशा बदलाला मी भ्रष्टता म्हणणार नाही.

आपल्याकडेही गाणाऱ्या घरांची उणीव नाही. मास्टर दीनानाथ 1942 साली गेले, तेव्हा लता अवघी बारा वर्षांची होती. पुढे तिने वडिलांची नाट्यपदेच तेवढी गात राहावयाचे ठरविले असते, तर काय झाले असते याची कल्पना करा. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज आपल्या प्रत्येक गल्लीत घुमला. त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद यांनी तो आपल्या ढंगाने पुढे नेला, आणि नातू आदर्श आणखी निराळ्या बाजाने गातो. आजोबांसारखे गातो का, हा प्रश्नच गैरलागू आहे. आजोबा आज असते तर तेही आजचेच गायिले असते.

आता एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. ती सांगितली नाही तर ही हकीगत गोड गोड होईल, आणि खोटी होईल. 2010 साली नॉर्मा फार आजारी पडली. बेशुद्धीतून उठल्यावर तिला चालणे-बोलणे पुन्हा शिकावे लागले. त्याच वर्षी तिची आणि एलायझाची 'गिफ्ट' ही मायलेकींची ध्वनिमुद्रिका निघाली होती. पुढे 2020 मध्ये करोनाची साथ आली, कार्यक्रम बंद पडले. लोकगीते गाणाऱ्याचे पोट कार्यक्रमावर असते. त्याला ना पगार, ना निवृत्तिवेतन. 2022 च्या जानेवारीत नॉर्मा न्यूमोनियाने रुग्णालयात होती, तेव्हा एलायझाला घरासाठी लोकांपुढे मदतीचे आवाहन करावे लागले. लोकांनी मदत केली. त्याच महिन्याच्या 30 तारखेस नॉर्मा वारली.

ज्या घराने एका देशाला त्याची विसरलेली गाणी परत दिली, त्या घरावर ही वेळ यावी! आपल्याकडच्या वृद्ध शाहिरांची, तमाशा कलावंतांची स्थिती आपण जाणतोच. परंपरेचे गोडवे गाणारे आम्ही लोक, ती परंपरा ज्यांच्या गळ्यात राहते त्यांच्या चुलीची चौकशी किती करतो? परंपरा टिकवा असे तरुणांना सांगण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच पोहोचतो, जेव्हा ती टिकविणाऱ्याला दोन वेळचे सुखाने मिळेल एवढे आपण पाहिलेले असते. तिकीट काढून गाणे ऐकणे ही त्या कामाची पहिली पायरी. फुकटचा पास मागू नये, एवढे तरी आपण करू शकतो.

आणि तरी या घराचे गाणे थांबले नाही. 2014 साली मार्टिन आणि एलायझा या बापलेकींची एक ध्वनिमुद्रिका आली होती. तिचे नाव 'द मॉरल ऑफ द एलिफंट', म्हणजे हत्तीच्या गोष्टीचे तात्पर्य. हत्तीची गोष्ट म्हणजे आपलीच, हत्ती आणि आंधळ्यांची. एकाला तो खांब वाटतो, दुसऱ्याला सूप, तिसऱ्याला दोर. मला वाटते परंपरेचेही तसेच आहे. ज्याने शेपूट धरले तो म्हणतो दोर आहे, बांधून ठेवा. ज्याने कान धरला तो म्हणतो सूप आहे, पाखडून घ्या. हत्ती मात्र आपला चालत असतो.

2025 साली, 84 व्या वाढदिवशी, मार्टिनची नवी ध्वनिमुद्रिका निघाली. तीही मर्क्युरीच्या अंतिम यादीत गेली. त्या यादीत आजवर आलेला हा सर्वांत वयोवृद्ध गायक. तीत 'स्कारबरो फेअर' पुन्हा आहे, आणि या वेळी त्याच्या साथीला सीमा मुखर्जी यांची सतार आहे. साठ वर्षांपूर्वी ज्या गाण्यावरून मनस्ताप झाला, त्याच गाण्यावर त्या म्हाताऱ्याने पुन्हा हात फिरविला आणि आपली जुनी घडण बदलून टाकली. मुलीने नवे करावे, हे आपण समजू शकतो. पण चौऱ्याऐंशीव्या वर्षी बाप नवे करतो, तेव्हा त्या घरात खरा वारसा कशाचा चालत आला हे कळून येते. आपण जे गातो ते स्वतःचे होईपर्यंत सोडायचे नाही, ही ती सवय.

आता समारोप करतो. माझी स्वतःची एक आठवण सांगून थांबेन.

माझी आजी जात्यावर दळताना ओव्या म्हणत असे. गावात गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. त्याबरोबर ओव्याही गेल्या. आपल्याकडे गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी हिंडून बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, ते काम किती मोठे हे मला पुढे कळले. त्या वेळी मी नुकता बी. ए. झालो होतो. वही घेऊन आजीपुढे बसलो आणि म्हटले, "आजी, ओव्या सांग, लिहून घेतो." ती म्हणाली, "बाळा, अशा बसून कशा आठवतील? खुंटा हातात नाही, हात फिरत नाही." मग तिने जमिनीवरच मूठ धरून हात गोल फिरवावयास सुरुवात केली, आणि ओव्या येऊ लागल्या. माहेराच्या आल्या, भावाच्या आल्या, विठोबाच्या आल्या. दुपारभर मी लिहीत होतो. शेवटी मोजल्या तर बेचाळीस भरल्या. मला फार मोठे काम केल्यासारखे वाटले.

मी वही तिला दाखविली. तिला वाचता येत नव्हते. तिने पानांवरून बोट फिरविले आणि विचारले, "यात आईच्या किती आल्या?" मी म्हटले, "तूच सांगितल्यास, तुलाच ठाऊक." ती म्हणाली, "आईच्या दहाबारा असतील. सासूच्या काही. बाकीच्या माझ्या मी जोडलेल्या." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तुझी कोणती?"

मला उत्तर देता आले नाही. ती वही अजून माझ्याजवळ आहे. बेचाळीस ओव्या आणि त्यापुढे कोरी पाने. आज घरी गेल्यावर तुमच्या घरात जी कोणी वृद्ध माणसे असतील त्यांच्यापाशी थोडा वेळ बसा आणि त्यांचे गाणे ऐका, एवढी माझी विनंती आहे. आणि घरातली पोरे काही वेडेवाकडे गुणगुणत असतील, तर तेही हसू न आणता ऐका.